भंगारात न दिलेली व्हॅन

बोईसर
६ सप्टेंबर

प्रिय अहो,

आधी एका कागदावर 'प्रिय सुजित' असं लिहून बघितलं होतं. दिवाळी अंकातल्या बायका लिहितात तसं. मग स्वतःशीच इतकी लाजले की तो कागद बारीक तुकडे करून टाकला. बावीस वर्षांत जे तोंडात आलं नाही ते कागदावर कुठून येणार? तेव्हा अहोच बरं. पत्र बघून घाबरू नका. मी ठणठणीत आहे, उत्कर्षा नाशिकला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला नीट अभ्यास करते आहे, आणि घर जागेवर आहे. तुमच्या प्लँटमधले बन्सीभाऊ गणपतीची सुट्टी संपवून बुधवारी आखातात, सोहारला परत निघतायत, त्यांच्या बॅगेत तुमच्यासाठी लिंबाचं लोणचं, शेंगदाण्याची चटणी आणि हे पाकीट. फोनवर का नाही सांगितलं, असं विचाराल. फोनवर तुम्ही सहा जणांच्या खोलीत बसलेले असता, मागे कोणाचा तरी कुकर शिट्ट्या मारतो, आणि मी मुद्द्यावर आले की तुम्ही 'बघू' म्हणता आणि तेवढ्यात रेंज जाते. रेंज नेहमी 'बघू'च्या पाठोपाठच जाते, हे मी दोन वर्षं पाहिलंय. पत्राला मध्येच 'बघू' म्हणता येत नाही, म्हणून पत्र.

काय सांगायचंय ते सुरुवातीलाच सांगते, म्हणजे पानं उलटत शेवट शोधणार नाही. तीस सप्टेंबरला तुमचा करार संपतो आणि तुम्ही म्हणता की पुढच्या दोन वर्षांची सही करणार. मला ती सही नको आहे. मला तुम्ही घरी हवे आहात. आता हे वाचून कपाळाला आठ्या आल्या असतील, तर त्या तशाच राहू द्या आणि पुढचं वाचा, कारण पुढे एक कबुली आहे.

आपली व्हॅन मी भंगारात दिलेली नाही. एप्रिलमध्ये तुम्ही फोनवर म्हणालात, ऑगस्टमध्ये गाडीला पंधरा वर्षं होतात, तळ गंजून गेलाय, पुन्हा पासिंग होणं शक्य नाही, उगाच जागा अडवते, देऊन टाक. मी हो म्हटलं. चार दिवसांनी तुम्ही विचारलंत, दिली का? दिलेली नव्हती, तरी मी म्हटलं, दिली. तुम्ही म्हणालात, बरं झालं, आणि मग बराच वेळ काहीच बोलला नाहीत. ती गप्प बसलेली दोन मिनिटं ऐकूनच मी ठरवलं की गाडी द्यायची नाही. हे लिहिताना ती मला खिडकीतून दिसते आहे. निळा रंग थोडा वेगळा लागलाय डाव्या बाजूला, पण सांगितल्याशिवाय कळत नाही.

झालं असं की मे महिन्यात मी ती ढकलत ढकलत मंगळ्याच्या गॅरेजवर नेली. मंगळ्या म्हणजे नवापूर रस्त्याला पत्र्याच्या आडोशाखाली गाड्यांची डेंटिंगची कामं करतो तो. पन्नाशीचा माणूस, विक्रमगडकडचा, तुम्ही त्याला ओळखता पण कधी बोलला नसाल, कारण तुमच्या लेखी पत्र्याचं काम करणारे म्हणजे डबे ठोकणारे. त्याने व्हॅनखाली सरकून एक स्क्रूड्रायव्हर टोचला, तो सरळ वर, आत बसलेल्या माझ्या चपलेपाशी निघाला. "बाय, वरना रंग हाय, खाली पत्राच नाय," असं म्हणून तो हसला. समुद्राची हवा आपल्या सगळ्या गाड्या अशीच खाते, पण आपलीने जरा जास्तच खाऊ दिलं होतं. काम होईल का विचारलं, तर म्हणाला होईल, पण पाऊस पडला की तो गावी जाणार. घरचं भात आहे दीड एकर. "आवणी झाली का मंग येतो. भात काय गॅरेजसाटी थांबत नाय." बरोबरच होतं त्याचं. पण आवणी, म्हणजे भाताची लावणी, उरकून तो येणार ऑगस्टच्या सुरुवातीला, आणि पासिंगची तारीख वीस ऑगस्ट. त्यात आधीच्या गाड्या रांगेत. मी तिथेच उभी राहून म्हटलं, मी केलं तर? तो इतका वेळ हसला की मला वाटलं हा आता खाली बसतो. मग गंभीर होऊन म्हणाला, "नवरा तं वेल्डर हाय ना तुजा? मंग मशीन घे घरी. जायच्या आदी आट दिवस दाखवतो."

आता मशीन घ्यायचं म्हणजे कोणतं? मी कोणाची बायको? ज्याचा जॉइंट एक्स-रे काढायच्या आधीच पास समजायचे त्याची! बावीस वर्षं जेवताना अँपिअर ऐकलेत मी. चारशे अँपिअर म्हणजे मशीन, बाकी सगळी खेळणी, हे वाक्य तर तुम्ही उत्कर्षाच्या बारशाला आलेल्या माझ्या मामांनाही ऐकवलं होतं. त्यामुळे मी एमआयडीसीतल्या भंगारवाल्याकडे गेले आणि छाती पुढे काढून चारशे अँपिअरचं मशीन मागितलं. मिळालंही. तेलाचं, लोखंडी पिंपासारखं, चाकं मोडलेली. टेंपोतून उतरवायला चार माणसं लागली आणि ते ओट्यापाशी ठेवल्यावर घराची फरशी तडकली. तुमच्या बायकोने कंपनीतलं मशीन घरात आणलं म्हणून मी अर्धा तास अगदी राणीसारखी बसले होते. मग वायरमन आला, त्याने मशीनची पाटी वाचली, आपल्या घरचा बोर्ड बघितला आणि विचारलं, ताई, याला दोन फेज लागतात, तुमच्याकडे एकच आहे, दुसरी कुठून आणू? मी म्हटलं, दुसरी बाजारात मिळत नाही का? तो बिचारा पाणी पिऊन निघून गेला. ते पिंप परत न्यायला भंगारवाल्याने आठ दिवस लावले, तेवढे दिवस मी त्याच्यावर टेबलक्लॉथ घालून मनी प्लँट ठेवला होता. फरशी अजून तडकलेलीच आहे, आल्यावर दिसेलच.

मग लोखंडी गेटं बनवणाऱ्या फॅब्रिकेटरकडून त्याचं छोटं रॉडचं मशीन दोन दिवसांसाठी मागून आणलं. ते घरच्या विजेवर चाललं. मंगळ्याने मला एक जुना पत्र्याचा दरवाजा दिला आणि म्हणाला, यावर हात बसव, गाडीला लगेच लावू नको. मी रॉड टेकवला, पत्रा गायब. पुन्हा टेकवला, पुन्हा गायब. वीतभर पट्टीवर अकरा भोकं पाडली मी. वेल्डिंग कुठेच नाही, नुसती भोकं. मंगळ्या उचलून प्रकाशात धरून बघत म्हणाला, "बाय, जोडते का चाळन करते?" त्या दिवशी मला तुमची खूप आठवण आली, आणि रागही आला. इंच इंच जाडीच्या पाइपांच्या गोष्टी सांगितल्यात, पण एवढ्याशा पत्र्याला एवढा मोठा जाळ चालत नाही, हे मात्र कधी सांगितलं नाहीत! पण तुम्हाला तरी कुठे माहीत असणार. तुम्ही पत्र्याला कधी हात लावलाच नाही. तुम्ही म्हणायचात, पत्रा जोडणं हे काय वेल्डिंग आहे, ते तर शिवणकाम.

त्या वाक्याने मला वाचवलं, खरंच सांगते. दुसऱ्या दिवशी मी मशीनच्या दुकानात गेले तेव्हा वेल्डरची बायको म्हणून गेले नाही, शिवणकाम करणारी बाई म्हणून गेले. दुकानदाराने नेहमीप्रमाणे सुरुवात केली, मॅडम, हे दोनशेपर्यंत जातं, हे अडीचशेपर्यंत जातं. मी त्याला थांबवलं. इतक्या वर्षांत मी तीन शिलाई मशीनं घेतली, एकदाही विचारलं नाही की हे किती जोरात पळतं. मी बघते ते किती सावकाश चालतं. एकेक टाका टाकता येतो का, मध्येच थांबलं तर दोरा तुटतो का. म्हणून मी विचारलं, हे सगळ्यात कमी किती अँपिअरला नीट चालतं? त्याने आतून पुस्तिका आणली, चष्मा लावला, आणि म्हणाला, हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नाही.

मग मी सगळंच विचारून घेतलं. तुमच्या लाडक्या आर्गनचं मशीनही बघितलं. टाका अगदी सोनाराकडच्यासारखा येतो, मान्य. पण दोन्ही हात अडकलेले, काम मुंगीच्या चालीने, आणि गंजाचा कणही त्याला खपत नाही. आपल्या व्हॅनमध्ये गंज सोडून होतं काय? दुसरं एक होतं, बिनगॅसचं. त्याच्या तारेच्या आतच औषध भरलेलं असतं, सिलिंडरची कटकट नाही. पण ते पातळ पत्रा लवकर तापवतं आणि ठिणग्या सगळीकडे उडवतं. शेवटी घेतलं ते मिग मशीन. बंदुकीचा घोडा दाबला की तार आपोआप पुढे येते आणि सोबत जोडाला हवा लागू न देणारा गॅस येतो, त्यामुळे एक हात मोकळा राहतो. घरच्या एकाच फेजवर, फ्रिजच्या जाड सॉकेटवर चालतं. तीस अँपिअरपर्यंत खाली येतं. तार झिरो पॉइंट आठ मिलीमीटरची. आणि कधी लागलंच तर बिनगॅसची तारही त्यातच चालते. तांदळाच्या डब्याएवढं आहे, मी एका हाताने उचलते. गॅसचा सिलिंडर एमआयडीसीतून भाड्याने आला तेव्हा समोरच्या काकू धावत आल्या, कोणाला ऑक्सिजन लागलाय म्हणून. मी म्हटलं, व्हॅनला. त्या डोक्यावर हात मारून गेल्या आणि संध्याकाळी वरणफळं घेऊन आल्या, बहुतेक माझ्या डोक्यावर परिणाम झालाय असं वाटून.

मंगळ्याने मला शिकवलं ते एवढंच, की एका जागी थांबायचं नाही. एक ठिपका इथे, दुसरा त्या टोकाला, तिसरा मध्ये. तापलं की तिथून निघून दुसरीकडे जायचं, ते गार झालं की परत यायचं. सलग ओढत गेलं तर पत्रा तिरक्या, उरेब कापडासारखा ताणला जातो आणि मग काही केल्या सरळ होत नाही. मी म्हटलं, हे तर कच्चे टाके! ब्लाउजची बाही लावताना मी हेच करते. आधी वर एक, खाली एक, मग मध्ये, आणि सगळं जागेवर बसलं की मग पक्की शिलाई. मंगळ्या म्हणाला, मग तुला येतंच आहे, मी कशाला उभा आहे इथे. तिसऱ्या दिवशी त्या जुन्या दरवाजावर माझी पहिली बिनभोकाची पट्टी झाली. आवाजावरून कळलं मला. आधी सगळं मोहरीसारखं तडतडत होतं, आणि मग एकदम कढईत भजी सोडल्यावर येतो तसा एकसारखा चर्र आवाज आला. तुम्ही म्हणायचात ना, चांगला वेल्डर कानाने जोडतो? माझा विश्वास नव्हता. त्या दिवशी बसला.

तरी चुका झाल्याच. त्याही सांगते, लपवून काय करू. मंगळ्याने गावी जायच्या आधी टाकी, सीटा, वायरिंग, बॅटरी सगळं काढून बाजूला ठेवायला लावलं होतं. पण तळाला खालून डांबरासारखा काळा लेप असतो, तो खरवडायचा मी एका कोपऱ्यात विसरले. वरून टाका घालत होते आणि खालून धूर. मी ओलं पोतं मारलं आणि समोरच्या काकूंनी वरच्या मजल्यावरून कुंडीसकट पाणी ओतलं. एकदा घाईत तोंडावरचा मुखवटा न ओढता ठिपका दिला. रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं. तुमच्याच पद्धतीने बटाट्याच्या चकत्या ठेवून पडले, आणि उत्कर्षाला फोनवर सांगितलं तर ती नर्स नाही, हेडनर्स असल्यासारखी ओरडली. बटाटा भाजीत घाल आणि डॉक्टरकडे जा, म्हणाली. मग तिनेच मला आपोआप काळी होणाऱ्या काचेचा मुखवटा पाठवला. उजव्या बाजूचा तळ मी पूर्ण करून पुन्हा कापला, कारण पट्टी दोन सूत वाकडी बसली होती आणि दरवाजा लागेना. कापताना रडले. मग चहा प्यायले आणि दुसरी पट्टी मापून घेतली. ग्राइंडरने कापून टाकलं की झालं, पत्रा काही लक्षात ठेवत नाही.

अठरा ऑगस्टला पासिंगला गेले. इन्स्पेक्टर गाडीखाली वाकला, बॅटरी मारून तळ बघितला, बोटाने एक जोड चाचपला आणि विचारलं, काम कुठे केलं? मी म्हटलं, घरी. तो म्हणाला, मिस्तरी चांगला आहे. मी मान डोलावली, आणि परतताना एवढी जोरात गाणी म्हणत आले की पास्थळच्या वळणावर एक म्हैस घाबरून बाजूला झाली. पाच वर्षांचं पासिंग मिळालंय. तुमच्या भंगाराला!

आणि मग आली जमुनाबाई. नवापूरची आपली मासेवाली, जी तुम्हाला जावई म्हणते आणि मला मात्र पापलेट नेहमी शिळं देते. तिचा मासळीचा टेंपो आहे. बर्फाचं खारं पाणी दिवसभर ठिबकतं, त्याने हौद्याची बाजू चाळणी झालेली. व्हॅन बघून म्हणाली, "माज्या टेंपोलापन टाका घाल की! गॅरेजला दिला का पंदरा दिवस धंदा बसते." मी मशीन, सिलिंडर सगळं व्हॅनमध्ये घालून तिच्या अंगणात नेलं. मोठ्या ऐटीत सुरुवात केली, आणि टाका आला तो घावनासारखा, नुसती जाळी. सिलिंडर तपासला, भरलेला. तार बदलली, तेच. अँपिअर वर-खाली केले, तेच. अख्खी कोळीवाड्याची बायकामंडळी बघायला जमलेली आणि माझे कान लाल. शेवटी जमुनाबाईच म्हणाली, "अगं, वारा खातंय तुजा गॅस." समुद्र पन्नास पावलांवर, वारा असा की ओढणी अंगावर ठरत नव्हती, आणि मी गॅसच्या भरवशावर बसले होते! तुमच्या प्लँटमध्ये चार भिंती असतात, तिथे हे कोणाला सुचणार. मग तिघी बायकांनी होडीवरची ताडपत्री धरून माझ्याभोवती भिंत केली. त्यांना सांगितलं होतं, तोंड पलीकडे ठेवा, उजेडाकडे बघू नका. पाठमोऱ्या उभ्या राहून तिघी मोठमोठ्याने एकमेकींच्या सुनांच्या चहाड्या करत होत्या आणि मी आत टाके घालत होते. इतकं हसत मी आयुष्यात कधी काम केलं नसेल. संध्याकाळी तिने मला ताजं पापलेट दिलं, बावीस वर्षांत पहिल्यांदा.

आता अंगणात टाकलेल्या शेडमध्ये दोन गाड्या उभ्या आहेत आणि एका शाळेच्या व्हॅनचा दरवाजा यायचाय. मंगळ्या आवणी करून परत आलाय, तो स्वतःकडची लहान कामं माझ्याकडे पाठवतो. पण एक काम मी नाही म्हटलं. जमुनाबाईच्या टेंपोच्या चासीला, म्हणजे खालच्या जाड सांगाड्याला, चीर गेली आहे. तिथे माझे ठिपके चालत नाहीत. तिथे जाड लोखंड आहे, खोल जायला हवं, आणि त्यावर माणसं बसून फिरणार आहेत. मी तिला म्हटलं, हे माझं नाही, हे माझ्या नवऱ्याचं काम, तो येईपर्यंत जास्त माल भरू नकोस. ती म्हणाली, कधी येतो? मी म्हटलं, दिवाळीच्या आत. ती तेव्हापासून अर्ध्याच पेट्या भरते आणि रोज मला विचारते.

आता हे सगळं मी का लिहिलं ते. बन्सीभाऊ गणपतीत घरी आले, मला शेडमध्ये मुखवटा घालून बसलेलं बघितलं आणि दारातच थबकले. मी चहा टाकला. ते बराच वेळ माझे टाके बघत बसले आणि मग एकदम त्यांचे डोळे भरून आले. वहिनी, सुजितला हे सांगितलंस का, असं विचारलं. त्यानंतर मी त्यांना सोडलं नाही. तुम्ही त्यांच्याकडून शपथ घेतली होती, ती मी मोडायला लावली, तेव्हा राग धरायचा तर माझ्यावर धरा. मला माहीत आहे की मार्चमध्ये तुमचे पाच जॉइंट एक्स-रेला नापास झाले आणि कापून काढले. मला माहीत आहे की पुन्हा टेस्ट घेतली आणि तीही गेली. मला माहीत आहे की सहा महिने तुमच्या हातात ग्राइंडर आहे, दुसरे जोडतात आणि तुम्ही घासता, आणि तीस तारखेची सही वेल्डर म्हणून नाही, हेल्पर म्हणून आहे. त्या सहा महिन्यांत तुम्ही मला रोज सांगितलंत की काम झकास चाललंय आणि फोरमन खूश आहे. उत्कर्षाचे मेसेज तुम्ही मलाच वाचून दाखवायला का लावता, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. हात बिघडलेला नाही हो तुमचा, डोळा बिघडलाय. समोरचं धुरकट दिसतंय आणि तुम्ही ते दुखणं न समजता लाज समजून बसलात. एवढी लाज, की घरी येण्यापेक्षा परमुलखात दोन वर्षं दुसऱ्याचे जोड घासणं बरं वाटलं. माझ्यापाशी कसली लाज? मी रडले त्या रात्री, खोटं नाही सांगत, पण नापास झालात म्हणून नाही. एवढं मोठं ओझं तुम्ही त्या सहा जणांच्या खोलीत एकट्याने सांभाळलंत म्हणून रडले. कोणालाही सांगितलेलं नाही, उत्कर्षालाही नाही, सांगायचं की नाही ते तुम्ही येऊन ठरवा. डोळे बरे झाले तर जाड लोखंड तुमचं आणि पत्रा माझा. नाही झाले, तर माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसा आणि नुसतं ऐकून सांगा टाका बरोबर पडतोय की नाही, कान तर शाबूत आहेत ना! मला तुम्ही पास झालेले नकोत, घरी आलेले हवेत. सही करू नका. पालघरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी सात ऑक्टोबरची वेळ घेतली आहे. तिथल्या मुलीने नाव विचारलं, मी पहिल्यांदाच परक्या माणसासमोर तुमचं नाव घेतलं, सुजित. वय विचारलं, सांगितलं. मग तिने विचारलं, पेशंट सध्या कुठे आहेत? मी म्हटलं, वाटेत आहेत.

वाट बघणारी, पण फार दिवस बघणार नाही अशी,
तुमचीच
अर्चना